दरडोई उत्पन्न आणि जगाची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, शाळा-कॉलेजातले शिक्षक आणि बातमीतला आकडा वाचून गोंधळलेले वाचक सतत जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अवघड होत जातात. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. दरडोई उत्पन्न म्हणजे लोकांचा सरासरी पगार का?

नाही. देशात वर्षभरात जेवढं उत्पन्न तयार झालं, त्याला लोकसंख्येनं भागलं की दरडोई उत्पन्न मिळतं. भाजकात तान्हं बाळही येतं आणि नव्वदीतली आजीही. भाज्यात पगार असतो, पण शेतकऱ्याचं उत्पन्न, दुकानदाराचा नफा, व्याज, भाडं आणि कंपन्यांनी भागधारकांना न वाटता स्वतःकडे ठेवलेला नफाही असतो.

२०११-१२ पायाभूत वर्षाच्या, म्हणजे त्या वर्षाची अर्थव्यवस्था आधार धरणाऱ्या (प्रश्न ६), मालिकेनुसार भारताचं २०२३-२४ चं दरडोई निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न (प्रश्न २) चालू किमतींना, म्हणजे त्याच वर्षाच्या भावांनी, सुमारे १ लाख ८८ हजार रुपये होतं. म्हणजे चार माणसांचं घर सरासरीला टेकायचं तर घरात वर्षाला साधारण साडेसात लाख यायला हवेत. यावर "आमच्या गावात तर असं एकही घर नाही" असं हमखास कोणीतरी लिहितं. ते खरंही असेल. यातला काही भाग कंपन्यांकडे आणि सरकारकडे राहतो, घरात कधी येतच नाही. उरलेल्याची वाटणी कशी झाली हे सरासरी सांगत नाही (प्रश्न १८).

२. जीडीपी, राष्ट्रीय उत्पन्न, निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न. यातलं नेमकं कोणतं लोकसंख्येनं भागायचं?

तिन्ही भागतात, म्हणून आकडे वेगळे दिसतात. स्थूल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, देशाच्या हद्दीत काय तयार झालं ते मोजतं. मालक कुठला हे बघत नाही. त्यात परदेशातून येणारं व्याज, नफा, लाभांश यांसारखं उत्पन्न मिळवून बाहेर जाणारं वजा केलं की स्थूल राष्ट्रीय उत्पन्न. त्यातून यंत्रं, इमारती, रस्ते यांचा घसारा वजा केला की निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न.

भारत सरकारच्या बातमीत "दरडोई उत्पन्न" म्हटलं की बहुतेक वेळा शेवटचं, निव्वळ असतं. जागतिक बँकेच्या वर्गवारीत स्थूल राष्ट्रीय उत्पन्न असतं आणि इतिहासाच्या तक्त्यांत जीडीपी. भारतापुरता जीडीपी आणि स्थूल राष्ट्रीय उत्पन्नातला फरक किरकोळ आहे. काही देशांत तो प्रचंड आहे (प्रश्न १४).

३. हे मोजतात कसं? घरी खायला ठेवलेली ज्वारी यात धरतात का?

धरतात. बाजारात न विकता घरच्या कणगीत गेलेली ज्वारी, गोठ्यातलं घरी प्यायलेलं दूध, हे सगळं उत्पादन म्हणून मोजलं जातं. स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या घराचं मानीव भाडंही धरलं जातं. पण त्याच ज्वारीच्या भाकरी घरातल्या बाईनं थापल्या तर ते श्रम हिशोबात येत नाहीत. खानावळीत थापल्या तर येतात. घरच्या वापरासाठीची वस्तू आत आणि घरच्यांसाठी केलेली बिनपगारी सेवा बाहेर, अशी सीमारेषा संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनं आखली आहे. ही पद्धत १९५३ साली आली आणि पुढे १९६८, १९९३, २००८ मध्ये बदलली. २०२५ मध्ये तिची नवी आवृत्ती स्वीकारली गेली. सीमारेषा मात्र या बाबतीत तिथेच आहे आणि माझ्या मते या आकड्यातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

शेतीचा आकडा कुठून येतो, हे एकदा बघण्यासारखं आहे. निवडलेल्या गावातल्या निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन दोरीनं आखतात, त्यातलं पीक कापून, मळून, वजन करतात. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. अशा असंख्य चौकोनांवरून हेक्टरी उतारा, उताऱ्याला क्षेत्रानं गुणून उत्पादन, उत्पादनाला किमतीनं गुणून मूल्य, आणि त्यातून बियाणं, खत, डिझेलचा खर्च वजा केला की शेतीची मूल्यवृद्धी. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद मिळतात. रस्त्यावरच्या गाड्या, घरगुती शिवणकाम, लहान गॅरेज यांचा अंदाज मात्र नमुना पाहण्यांवरूनच करावा लागतो.

४. भारतात दरडोई उत्पन्न पहिल्यांदा कोणी मोजलं?

दादाभाई नवरोजींनी. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या या माणसानं १८७६ मध्ये मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचले. सरकारचेच प्रांतवार अहवाल घेऊन त्यांनी पिकाखालचं क्षेत्र, एकरी उतारा आणि बाजारभाव यांचा गुणाकार मांडला, त्यात इतर उत्पादन मिळवलं. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १७ कोटी लोकांचं एकूण उत्पन्न ३४ कोटी पौंड, म्हणजे १८६७-६८ साली माणशी वर्षाला २० रुपये.

नुसत्या २० रुपयांवरून काहीच कळलं नसतं. त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला: शेतमजुराला जेमतेम जगायला वर्षाला ३४ रुपये लागतात. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं, तेही प्रांतवार दाखवलं. स्वतंत्र प्रजेचं सरासरी उत्पन्न कैद्याच्या खर्चालाही पुरत नाही, हे सरकारच्याच कागदांवरून सिद्ध केल्यावर राज्यकर्त्यांना उत्तर देणं भाग पडलं. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी २७ रुपये काढले, १९०१ मध्ये लॉर्ड कर्झननं ३० सांगितले, तर विल्यम डिग्बी या ब्रिटिश लेखकानं सुमारे १८. दरडोई उत्पन्नावरून भांडण्याची आपल्याकडची परंपरा इतकी जुनी आहे.

पुढे अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ साठी ६२ रुपये असा अंदाज बराच काटेकोरपणे काढला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस. सदस्य राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. १९४८-४९ साठी त्यांचा दरडोई अंदाज अडीचशे रुपयांच्या आसपास होता.

५. "दरडोई उत्पन्न दुप्पट झालं" म्हणतात. मग खिशात का जाणवत नाही?

कारण बातमी चालू किमतींची असते. २०२३ च्या सुरुवातीच्या अधिकृत अंदाजानुसार दरडोई उत्पन्न २०१४-१५ मध्ये ८६,६४७ रुपये होतं, ते २०२२-२३ मध्ये १ लाख ७२ हजार झालं. जवळजवळ दुप्पट. तेच स्थिर किमतींना, म्हणजे २०११-१२ चे भाव धरून, ७२,८०५ वरून ९८,११८. वाढ सुमारे ३५ टक्के. मधला सगळा फरक महागाईचा.

दोन्ही आकडे एकाच कार्यालयाचे आणि दोन्ही बरोबर. काळात मागे-पुढे जाऊन तुलना करायची असेल तर स्थिर किमतींचाच आकडा घ्या.

६. पायाभूत वर्ष बदललं की देश एका रात्रीत श्रीमंत कसा होतो?

देश तोच असतो, मोजपट्टी नवी येते. जुन्या पायाभूत वर्षात जे उद्योग नव्हतेच ते नीट मोजले जात नाहीत. नायजेरियानं एप्रिल २०१४ मध्ये पायाभूत वर्ष १९९० वरून २०१० वर आणलं. मोबाइल सेवा, चित्रपट उद्योग वगैरे हिशोबात आले आणि जीडीपी एकदम ८९ टक्क्यांनी वर गेला. देश दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडात पहिला झाला. त्याआधी घानाचा जीडीपी नोव्हेंबर २०१० मध्ये असाच सुमारे ६० टक्क्यांनी वाढला आणि घाना मध्यम उत्पन्न गटात गेला.

भारतात जानेवारी २०१५ मध्ये २००४-०५ वरून २०११-१२ वर गेलो तेव्हा गंमत वेगळी झाली. एकूण पातळी फारशी हलली नाही, पण २०१३-१४ चा वाढीचा दर ४.७ वरून ६.९ टक्के झाला. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. २०२२-२३ हे त्यानंतरचं पायाभूत वर्ष. परीक्षेसाठी वाचणाऱ्यांनी इतकंच करावं: दोन वेगवेगळ्या मालिकांतले आकडे एका ओळीत लिहून त्यांची टक्केवारी काढू नये.

७. भारताचं दरडोई उत्पन्न कुठे अडीच हजार डॉलर लिहितात, कुठे दहा हजारांच्या वर. खरं कोणतं?

दोन्ही, कारण रुपयाचे डॉलर दोन वेगळ्या दरांनी केले आहेत. पहिला दर बाजारातला विनिमय दर. दुसरा क्रयशक्ती समतेचा, ज्याला सगळे पीपीपी म्हणतात: त्याच वस्तू-सेवा दोन्ही देशांत घ्यायला किती पैसे लागतात, यावरून काढलेला दर.

विनिमय दर ठरतो तो देशाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या वस्तूंवर आणि भांडवलाच्या ये-जा करण्यावर. केस कापणं, रिक्षा, शिकवणी, घरभाडं यांचा व्यापार देशादेशांत होत नाही. नाशिकचा न्हावी आणि न्यूयॉर्कचा न्हावी साधारण तीच कात्री, तोच वेळ आणि तेच कसब वापरतात, पण न्यूयॉर्कच्या न्हाव्याला तिथल्या उत्पादक उद्योगांतल्या पगाराशी बरोबरी करावी लागते, म्हणून त्याची मजुरी कितीतरी पट. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं: गरीब देशांत सेवा स्वस्त असतात, म्हणून विनिमय दरानं केलेली तुलना त्यांना आहेत त्याहून गरीब दाखवते.

२०१७ च्या जागतिक मोजणीत एका डॉलरचा पीपीपी दर २०.६५ रुपये निघाला. त्या वर्षी बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता. म्हणजे भारतातले ६५ रुपये इथे जेवढं घेतात, तेवढं अमेरिकेत घ्यायला तीन डॉलरहून जास्त लागतात.

विनिमय दराची आणखी एक खोड आहे. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन दोन टप्प्यांत झालं आणि डॉलरमधलं दरडोई उत्पन्न खाली आलं. त्या तीन दिवसांत एकाही शेतातलं धान्य कमी झालं नव्हतं.

मग बाजारदराचा आकडा निरुपयोगी का? नाही. कच्चं तेल, विमानं, परदेशी शिक्षण, कर्जफेड या गोष्टी डॉलरच्या खऱ्या भावानंच होतात. मुलीला परदेशी शिकायला पाठवणाऱ्या बापाला पीपीपीचा दर कोणतीही बँक देत नाही.

८. पीपीपीचा दर काढतात कसा?

जगभर एकाच वर्षात भावांची पाहणी करून. आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम नावाचा हा उपक्रम १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि संयुक्त राष्ट्रांनी सुरू केला. आयर्विंग क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन, रॉबर्ट समर्स ही त्यातली मोठी नावं. १९७० साठीच्या पहिल्या तुलनेत दहा देश होते, त्यात भारतही होता. २०२१ च्या फेरीत १७६ अर्थव्यवस्था आल्या.

वस्तूची यादी करताना "तांदूळ" एवढंच लिहून चालत नाही. कोणत्या जातीचा, सुटा की पाकिटातला, किती वजनाचा, कोणत्या प्रकारच्या दुकानातला, हे सगळं जुळावं लागतं. आणि इथेच खरी अडचण. ज्वारी सोलापुरात रोजच्या ताटातली; दुसऱ्या देशात ती मिळालीच तर खास दुकानात, महाग मिळते. दोन्ही ठिकाणी रोज वापरली जाणारी नेमकी तीच वस्तू सापडणं कठीण. म्हणून देशांचे प्रादेशिक गट करून आधी आपापसांत तुलना करतात (आशियाचं काम आशियाई विकास बँक बघते) आणि मग गट एकमेकांशी जोडतात. शिक्षक, पोलीस यांच्या सेवेला बाजारभाव नसतो, तिथे पगारांवरून अंदाज करतात, आणि हा भाग सर्वांत कच्चा राहतो.

९. म्हणजे पीपीपीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा?

नाही. डिसेंबर २००७ मध्ये २००५ च्या फेरीचे निकाल आले आणि भारत व चीन दोघांचेही पीपीपी आकडे आधीच्या अंदाजांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटले. चीन तोवर पूर्ण पाहणीत कधी आलाच नव्हता आणि भारताची आधीची पाहणी १९८५ ची होती. मधली वीस वर्षं अंदाजानं पुढे ओढली होती. २०११ च्या फेरीनं यातला बराच भाग पुन्हा वर उचलला.

आफ्रिकेचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. याच पाहण्यांवर आधारलेल्या पेन वर्ल्ड टेबलच्या एका आवृत्तीत विषुववृत्तीय गिनी हा आफ्रिकेतला दुसऱ्या क्रमांकाचा वेगवान देश होता. त्याच्या आधीच्याच आवृत्तीत तो सर्वांत मंद होता. दरडोई उत्पन्नात पाच-दहा टक्क्यांच्या फरकावरून दोन गरीब देशांचा क्रम लावणाऱ्या लेखांकडे मी म्हणूनच दुर्लक्ष करतो.

१०. जागतिक बँक देशांना गरीब-श्रीमंत कशावरून ठरवते?

दरडोई स्थूल राष्ट्रीय उत्पन्नावरून, बाजारातल्या विनिमय दरानं. पण एका वर्षाचा नाही, तीन वर्षांचा महागाई समायोजित सरासरी दर घेऊन. याला ॲटलस पद्धत म्हणतात. १९९१ सारखा झटका त्यामुळे थोडा मऊ होतो. गट दरवर्षी १ जुलैला जाहीर होतात. जुलै २०२५ पासूनच्या वर्षासाठी १,१३५ डॉलरपर्यंत निम्न, ४,४९५ पर्यंत निम्न-मध्यम, १३,९३५ पर्यंत उच्च-मध्यम आणि त्यावर उच्च. भारत निम्न-मध्यम गटात आहे. विश्वासार्ह आकडेच मिळेनासे झाल्यानं व्हेनेझुएलाला २०२१ मध्ये वर्गवारीतून बाहेर ठेवावं लागलं.

११. १८२० किंवा १६०० सालचं दरडोई उत्पन्न कसं काय कळतं? तेव्हा कोण मोजत होतं?

मोजत कोणीच नव्हतं. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात विल्यम पेटी आणि ग्रेगरी किंग यांनी केलेले प्रयत्न सोडले तर. हे आकडे नंतर रचले आहेत. सर्वांत मोठं काम अर्थतज्ज्ञ अँगस मॅडिसन (१९२६-२०१०) यांचं. त्यांनी जगातल्या जवळपास सगळ्या देशांचे अंदाज १९९० च्या आंतरराष्ट्रीय डॉलरमध्ये, म्हणजे १९९० च्या किमतींना पीपीपी दरानं काढलेल्या डॉलरमध्ये, एका तक्त्यात बसवले. त्यांच्यानंतर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातून मॅडिसन प्रकल्प तो तक्ता सुधारत असतो. आता त्यात १६९ देश आहेत आणि किमती २०११ च्या आहेत.

रचतात कशावरून, तर मजुरी, धान्याचे भाव, जमीनमहसूल, जकात, शहरात राहणाऱ्यांचं प्रमाण, जन्म-मृत्यूच्या नोंदी. भारतासाठी सर्वांत मौल्यवान कागद म्हणजे अबुल फझलचा ऐन-ए-अकबरी. त्यात पिकांचे उतारे आहेत, बाजारभाव आहेत, सुतार-गवंड्यांची मजुरीही आहे. स्टीफन ब्रॉडबेरी, योहान कस्टोडिस आणि बिष्णुप्रिया गुप्ता यांनी त्यावरून १६०० साठी ६८२ डॉलर असा अंदाज काढला. तो घसरत १८७१ मध्ये सुमारे ५२० वर आला. त्यांच्या हिशोबानं १६०० मध्ये भारताचं दरडोई उत्पन्न ब्रिटनच्या ६० टक्क्यांहून थोडं जास्त होतं आणि १८७१ मध्ये १५ टक्क्यांहून कमी. मॅडिसन यांच्या तक्त्यात मात्र १६०० ला ५५० आणि १८२० ला ५३३, म्हणजे जवळजवळ सपाट रेघ.

दोघांतला हा फरक महत्त्वाचा आहे. एकाच्या मते ब्रिटिश सत्ता येण्याआधीच घसरण सुरू झाली होती, दुसऱ्याच्या मते तोवर विशेष काही हललंच नव्हतं. ज्या देशांचे कागदच नाहीत तिथे मॅडिसन यांनी ४०० डॉलर ही जेमतेम जगण्याची पातळी आधार धरली. त्यामुळे जुन्या तक्त्यात ४०० किंवा ४५० असा गोल आकडा दिसला, तर तो मोजलेला नसून मानलेला आहे असं समजा.

१२. "एकेकाळी जगाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा भारताचा होता" हे खरं आहे का?

मॅडिसन यांच्या तक्त्यात आहे: १७०० मध्ये २४.४ टक्के. पण हा एकूण उत्पन्नातला वाटा आहे, दरडोई नाही. त्याच तक्त्यात त्या वर्षी जगातले २७ टक्के लोक भारतात होते. म्हणजे सरासरी भारतीयाचं उत्पन्न ५५० डॉलर आणि जगाची सरासरी ६१५. भारत मोठा होता, सरासरी भारतीय श्रीमंत नव्हता.

आता १९५० बघा. उत्पन्नातला वाटा ४.२ टक्के, लोकसंख्येतला १४ टक्के. दरडोई ६१९ डॉलर, जगाचं २,११३. जगाच्या सरासरीच्या नव्वद टक्क्यांवरून तीस टक्क्यांच्या खाली. अडीचशे वर्षांत भारताचा आकडा ५५० वरून ६१९ एवढाच सरकला आणि जग साडेतीन पट झालं. दादाभाईंनी आयुष्यभर जे सांगितलं त्याचा पुरावा या ओळीत आहे. २४ टक्क्यांच्या फॉरवर्डपेक्षा ही ओळ मुलांना पाठ असावी असं मला फार वाटतं.

१३. चीन आणि कोरिया आपल्यापुढे कधी गेले?

मॅडिसन यांच्या १९९० च्या डॉलरमध्ये १९५० साली भारत ६१९, चीन ४४८, दक्षिण कोरिया ८५४. कोरिया लवकर सुटला: १९७३ मध्ये तो २,८२४ वर आणि भारत ८५३ वर. चीन १९७८ मध्ये ९७८, भारत ९६६. अगदी खांद्याला खांदा. सगळी दरी त्यानंतरची. १९५० ते १९८० भारताचं दरडोई उत्पन्न वर्षाला जेमतेम १.४ टक्क्यांनी वाढलं. त्या गतीनं दुप्पट व्हायला पन्नास वर्षं लागतात, पाच टक्क्यांनी चौदा.

क्रम कायमचा नसतो हे बघायला अर्जेंटिना घ्या. १९१३ मध्ये तिथलं दरडोई उत्पन्न ३,७९७ डॉलर. जर्मनी ३,६४८, फ्रान्स ३,४८५.

१४. आयर्लंड खरंच अमेरिकेहून श्रीमंत आहे?

जीडीपीनं भागलं तर तसं दिसतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कर वाचवण्यासाठी आपली पेटंट आणि बौद्धिक संपदा आयर्लंडच्या नावावर नेली आणि २०१५ मध्ये देशाचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढला. नफा तिथल्या लोकांचा नव्हताच. शेवटी आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१७ पासून सुधारित राष्ट्रीय उत्पन्न नावाचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली, ज्यात हा भाग वगळला जातो.

लक्झेंबर्गची तऱ्हा निराळी. तिथे काम करणारे जवळजवळ निम्मे लोक रोज फ्रान्स, जर्मनी, बेल्जियममधून ये-जा करतात. त्यांचं उत्पादन भाज्यात येतं, ते स्वतः भाजकात येत नाहीत.

१५. आखातातून किंवा मुंबईतून घरी पाठवलेला पैसा दरडोई उत्पन्नात धरतात का?

साधारणपणे नाही. वर्षभराहून जास्त परदेशी राहणारा माणूस हिशोबात त्या देशाचा रहिवासी. त्याचं उत्पन्न तिथे मोजलं जातं आणि त्यानं घरी पाठवलेला पैसा हे हस्तांतरण. तो राष्ट्रीय उत्पन्नात नसतो, "राष्ट्रीय व्ययशक्य उत्पन्न" या वेगळ्या आकड्यात असतो. केरळची घरं तिथल्या दरडोई उत्पन्नापेक्षा सुखवस्तू दिसतात, त्यामागचं एक कारण हेच.

आपल्याकडे कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणत आले. गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याचा पगार मुंबईच्या खात्यात मोजला गेला. त्याच्या पैशावर चालणारी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली चूल मात्र जिल्ह्याच्या उत्पन्नात कधी दिसली नाही.

१६. जनगणनाच झाली नसेल तर भागतात कशानं?

प्रक्षेपित लोकसंख्येनं. भारतात आर्थिक वर्षाच्या मध्यावरची, म्हणजे १ ऑक्टोबरची, अंदाजित लोकसंख्या घेतात. २०११ नंतरची जनगणना लांबली असल्यानं या प्रक्षेपणांचं अंतर वाढलं आहे. नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ ची. नवी गणना होऊन लोकसंख्या दोन टक्क्यांनी कमी-जास्त निघाली, तर मागच्या गणनेपासूनच्या वर्षांचे दरडोई आकडेही हलतात.

१७. सोव्हिएत संघाचे जुने आकडे इतरांशी का जुळत नाहीत?

तिथे भौतिक उत्पादन पद्धत होती. कारखाना, शेती, मालवाहतूक मोजायचे. डॉक्टर, शिक्षक, प्रवासी वाहतूक अशा बऱ्याच सेवा "अनुत्पादक" म्हणून बाहेर. चीननंही ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ठेवली. ते आकडे जीडीपीत बदलताना संशोधकांना गृहीतकं करावी लागतात. मॅडिसन यांनी चीनचा अधिकृत वाढीचा दर खाली आणला होता, तेही याच कामात.

१८. सरासरी फसवी आहे, तर हे मोजायचंच कशाला?

१९३४ मध्ये अमेरिकन सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा अहवाल देताना तो तयार करणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनीच बजावलं होतं की, राष्ट्राचं कल्याण या मापावरून क्वचितच ताडता येईल. विषुववृत्तीय गिनीत तेल सापडल्यावर दरडोई उत्पन्न आकाशाला भिडलं, बहुसंख्य लोक होते तिथेच राहिले. म्हणून विषमतेचे निर्देशांक, मध्यक उत्पन्न (सगळ्यांना उत्पन्नाच्या क्रमानं उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचं) आणि १९९० पासूनचा मानव विकास निर्देशांक शेजारी ठेवावे लागतात.

तरीही मोजायचं, कारण कित्येक दशकांच्या अंतरावर आणि दहा पटीच्या फरकावर हा आकडा खोटं बोलत नाही. दरडोई ६०० डॉलरच्या देशात बालमृत्यू कमी आणि शाळा भरलेल्या, असं सहसा सापडत नाही.

१९. माझ्या प्रकल्पासाठी कोणती मालिका घेऊ?

भारताचा अलीकडचा काळ: सांख्यिकी मंत्रालयाची स्थिर किमतींची मालिका. १९६० नंतर देशादेशांची तुलना: जागतिक बँकेची स्थिर पीपीपी मालिका जिथपर्यंत मिळते तिथपर्यंत (ती १९९० पासून आहे), त्यामागे पेन वर्ल्ड टेबल. शतकांचा प्रवास: मॅडिसन प्रकल्प. आयात, कर्ज, स्थलांतर असे विषय: बाजार विनिमय दर. कोणतीही घेतली तरी आवृत्ती आणि किमतींचं वर्ष तक्त्याखाली लिहा, कारण १९९० च्या, २०११ च्या आणि २०२१ च्या डॉलरमधले आकडे एकमेकांत मिसळता येत नाहीत.

२०. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची आणि गोव्याची तुलना याच पद्धतीनं करता येते का?

येते, जपून. राज्यांमध्ये गोवा आणि सिक्कीम दरडोई उत्पन्नात वरच्या टोकाला असतात. दोन्हींची लोकसंख्या लहान आहे आणि सिक्कीममध्ये जलविद्युत व औषध कारखाने एवढे मोठे आहेत की सरासरी त्यांच्यामुळेच उंचावते. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचे आकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं आणि दरवर्षीच्या आर्थिक पाहणीत ते येतात. मुंबई वर, नंदुरबार, गडचिरोली, वाशीम खाली, हे चित्र अनेक वर्षांचं.

जिल्ह्यासाठी अडचण अशी की उत्पन्न जिथे तयार होतं तिथे मोजलं जातं. विरारहून किंवा कर्जतहून रोज लोकलनं मुंबईत कामाला जाणाऱ्याचं उत्पन्न मुंबईच्या खात्यात पडतं आणि तो स्वतः पालघर किंवा रायगडच्या लोकसंख्येत मोजला जातो. लक्झेंबर्गसारखंच, फक्त देशांऐवजी जिल्हे. शिवाय मोठी रिफायनरी किंवा वीज केंद्र असलेल्या जिल्ह्याचा नफा कंपनीच्या मुख्यालयाकडे जातो, तरी आकड्यात जिल्ह्याचाच दिसतो. राज्याच्या सीमेवर निदान राष्ट्रीय लेख्यांची चौकट असते. जिल्ह्याच्या पातळीवर बऱ्याच क्षेत्रांचा राज्याचा एकूण आकडा रोजगार किंवा तत्सम प्रमाणात वाटून दिलेला असतो. त्यामुळे दोन शेजारच्या जिल्ह्यांतला थोडा फरक बातमीत कितीही ठळक छापलेला असला, तरी तो या वाटपाच्या पद्धतीतूनही आलेला असू शकतो.